मागच्या दाराची कडी

दुपारच्या शांततेत मागच्या दाराची कडी खट् वाजली आणि जागृतीनं मान न वळवताच ओळखलं, दीप आला.

पुढच्या दारानं पाहुणे येत, पोस्टमन येई, वर्गणीवाले येत. मागच्या दारानं फक्त घरची माणसं. त्या दाराची कडी आतून लावलेली असली तरी बाहेरून निघायची. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. भिंतीच्या भेगेत तुराटीची एक चपटी काडी खोचून ठेवलेली असे. ती फटीतून आत सारायची, कडीच्या पोटाखाली लावायची आणि झोपलेल्या लेकराची मान उचलावी तशी कडी अलगद वर घ्यायची. जोर केला की काडी मोडे. नाचणगावात ही युक्ती या घरच्याच माणसांना ठाऊक होती. जागृतीला, तिच्या नवऱ्याला अनुपला, सासूबाई सीताबाईंना, सहा वर्षांच्या लेकीला श्रावस्तीला. आणि धम्मदीपला.

धम्मदीप जागृतीच्या मामाचा मुलगा, सिंदी रेल्वे गावचा. पुलगावला आयटीआय करायला आला आणि दोन वर्षं इथंच राहिला. तेव्हा सासरे, बाबाराव, हयात होते. उशिरा येणाऱ्या पोरावर ते खेकसत, म्हणून सीताबाईंनीच त्याला काडीनं कडी काढायला शिकवलं. "बुढ्याले जागं करू नोको. मांजरावानी येजो अन् झाकलेलं जेवून घेजो." आता तो घरकर्जाच्या कंपनीत वसुलीला होता. खोचलेला शर्ट, पाठीला काळी बॅग, हातात हेल्मेट. पण यायचा मागच्याच दारानं.

"ताई, भाकर हाये का वं?"

"हाये. आधी हात धू."

अनुप खाटेवर पडल्या पडल्या हसला. त्याचा उजवा पाय उशीवर ठेवलेला होता. अनुप सेंट्रिंगचा मिस्त्री. हिवाळ्यात वर्ध्याच्या एका बांधकामावर फळी सटकली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून वाळूत पडला. पायात सळई घातली, प्लास्टर निघालं, पण पोटरी कापसाच्या पऱ्हाटीसारखी वाळून गेली होती. रोज सकाळी जागृती तिला मोहाचं तेल चोळायची आणि तळव्याखाली हात धरून म्हणायची, दाबा. तो दाबायचा. तिच्या हाताला जेमतेम कळायचं.

धम्मदीपनं भाकरीवर पिठलं घेतलं. जागृतीनं फडताळातून एक जाड लिफाफा काढून त्याच्यापुढं धरला.

"हे काल आलं. पोस्टमननं आत्याबाईची सही घेतली."

"म्या केली," सीताबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "अंगठा नाई देल्ला."

सही हा सीताबाईंचा अभिमान होता. घराचा नमुना आठ, ग्रामपंचायतीतला मालकीचा उतारा, त्यांच्या नावावर. कवेलूचं छप्पर उतरवून स्लॅब टाकायचा ठरला, कर्जाचे कागद घेऊन धम्मदीप आला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, थांब आठ दिवस. आठ दिवस त्या श्रावस्तीच्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवत बसल्या. मग कागदांवर एकेक अक्षर मोडून, घाम पुसत, सगळीकडे सह्या केल्या. पुढं स्लॅब अनुपनं आपल्या हातानं ओतला. मित्र मदतीला, जागृतीच्या डोक्यावर घमेलं, आणि खाली उभा राहून ओरडून ओरडून पाण्याचा पाइप धरणारा धम्मदीप.

त्यानं लिफाफ्यातला कागद वरवर पाहिला.

"डिमांड नोटीस हाये. कॉम्प्युटरमधून आपोआप निघते. हप्ते चुकले का निघते."

"त्याच्यात लिव्हलं हाये, दोन महिन्याच्या आत काई म्हणायचं असन तर म्हणा. मी म्हटलं वर्ध्याले जाऊन साह्यबाले भेटून येतो. दवाखान्याचे कागद दाखवतो."

त्याचा हात भाकरीवर थांबला.

"नोको. ऑफिसात जाऊ नोको ताई. तिथं गेलं का फाइल वर येते. आता खाली दबून हाये. मी हावो ना अंदर."

"पन उत्तर तं द्या लागीन?"

"मी लिव्हतो उत्तर. तुले कायले पायजे कोर्टकचेरीची भाषा?" तो घोटभर पाणी प्याला आणि अनुपकडं वळून म्हणाला, "भाऊजी, तुमी पाय पाहा. घराचं मी पाह्यतो."

"पाह्य बा," अनुप म्हणाला. "आमाले यातलं काई समजत नाई."

"त्यानं नाई पाह्यलं तं कोन पाह्यीन," सीताबाई म्हणाल्या. "त्याचंच घर हाये."

लिफाफा धम्मदीपनं आपल्या बॅगेत टाकला. जाताना श्रावस्तीच्या हातावर एक चॉकलेट ठेवलं, आणि बाहेर पडल्यावर काडी जिथल्या तिथं खोचून ठेवायला विसरला नाही.

आषाढी पौर्णिमेपासून विहारात ग्रंथवाचन सुरू झालं. तीन महिने रोज दुपारी वस्तीतल्या बाया पांढरी पातळं नेसून जमायच्या, पंचशील म्हणायच्या आणि मग एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बारावी झालेली म्हणून जागृतीवर वाचायची पाळी वारंवार यायची. त्या दिवशीही तीच वाचत होती. अनुप सेवाग्रामला पाय दाखवायला गेला होता. सीताबाई पुढच्या ओळीत बसून डुलक्या घेत होत्या. वाचन संपलं, खीर वाटली, आणि सात-आठ बायांचा घोळका बोलत बोलत गल्लीत वळला.

श्रावस्ती पुढं पळाली होती. ती घरासमोर थांबली. भिंतीवर तिच्या उंचीपेक्षा जरा वर, दाराच्या अगदी बाजूला, साचा धरून मारलेली लाल अक्षरं होती. ओली. खालच्या ओळीतून एक ओघळ पायरीपर्यंत आलेला.

शाळेत जाऊ लागून तिला वर्ष झालं होतं. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, बसच्या काचा, जे दिसेल ते वाचायची तिला हौस. तिनं बोट लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ही... मि-ळ-क-त... मिळकत. कं-प-नी-च्या... कंपनीच्या. ता-ब्या-त... आ-हे."

बाया थांबल्या.

"को-णी-ही... व्य... आई, हे काय व? व-ला य..."

"व्यवहार," जागृती म्हणाली.

"व्यवहार करू नये!" श्रावस्तीनं वळून सगळ्यांकडं पाहिलं. इतकी लांब गोष्ट तिनं पहिल्यांदाच एकटीनं वाचली होती. शाबासकीची वाट पाहत ती उभी राहिली. बोटाला लाल रंग लागला होता, तो तिनं फ्रॉकला पुसला.

एका बाईनं खिरीचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "चाल वं, मले स्वयपाक हाये," असं म्हणत एकेक जण पांगली.

शेजारचे नानाजी ओट्यावर बसून होते. आयुष्यभर जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी उचललेला माणूस, कमरेतून वाकलेला. ते म्हणाले, "दोघं आलते मोटरसायकलनं. म्या म्हटलं घरी कोनी नाई, सारे वाचनाले गेले. तं ते म्हणे, माहीत हाये."

माहीत हाये. तो शब्द जागृतीच्या कानात काही वेळ खडा गेल्यासारखा राहिला. मग श्रावस्तीच्या फ्रॉकचा डाग निघेना, ती रॉकेल शोधायला लागली, आणि तो शब्द विसरून गेली.

संध्याकाळी कडी वाजली. धम्मदीप आत आला तोच चिडलेला. "मले न सांगता मारलं साल्यांनी. उद्या पाह्यतो एकेकाले."

"दीप, उत्तर पाठवलंतं ना तू?"

"पाठवलं ना वं. पोच यायची हाये."

त्या रात्री अनुप गाढ झोपला. दीपनं पाहतो म्हटलं, की तो नेहमीच असा निर्धास्त झोपायचा.

ऑक्टोबर लागला तशी वस्ती चुन्याच्या वासानं भरून गेली. धम्मचक्र दिनाआधी प्रत्येक घर पांढरं झालंच पाहिजे. कोणाच्या घरी हंडीत चुना फसफसतोय, कोणी नीळ कालवतोय, पोरं तोंडाला पांढरे पट्टे ओढून पळताहेत. एकट्या सीताबाईंच्या भिंतीवर लाल अक्षरं.

"या अक्षरावर मी पंचशीलचा झेंडा लावू का?" त्या दर सकाळी म्हणायच्या. "नागपूरले जाणारे लोक या गल्लीतून जातीन. काय म्हणतीन?"

"आत्याबाई, ते सरकारी असन. पुसलं तं गुन्हा होते म्हणतात."

"चुना मारनं गुन्हा हाये का? दरसाल मारतो."

धम्मदीप आला तेव्हा तिनं त्यालाच विचारलं. तो क्षणभर भिंतीकडं पाहत राहिला.

"मारा ना," तो म्हणाला. "काई होत नाई. घर तुमचं, भिंत तुमची."

मग जागृतीनं पदर खोचला. अंबाडीचा कुंचा नव्यानं ठेचून घेतला. चुन्यानं बोटांची चामडी आधीच सोलली होती, तिच्यावर खोबरेल लावलं आणि सुरुवात केली. अर्धी अक्षरं झाकली गेली तेव्हा तो मोबाइल काढून मागं सरकला.

"ताई, इकडे पाह्य. श्रावू, आईजवळ उभी राह्य. माह्या मायले पाठवतो सिंदीले, म्हणतो पाह्य तुही भाची कशी कामाची हाये."

श्रावस्तीनं नाकावर चुना लावून घेतला आणि दोन्ही हात वर केले. जागृती घाम पुसत हसली. तिला फोटोत हसायची सवय नव्हती, पण समोर दीप होता.

चुना वाळला तशी अक्षरं पुन्हा फिक्कट गुलाबी होऊन वर आली. तीन हात मारले तेव्हा कुठं ती बुडाली. सीताबाईंनी झेंडा लावला आणि दुरून, डोळ्यांवर हात धरून, घराकडं पाहिलं.

दिवाळीनंतर जागृती वेचाईला जाऊ लागली. पहाटे गाडी यायची, देवळीकडच्या शिवारात बाया उतरवायची. ओच्याला फडकं बांधून ओळीनं वाकायचं, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून कापूस ओढायचा, दुपारपर्यंत ओटी पोटाला ओझं होऊन लटकायची. नखांच्या मुळाशी रक्त साकळायचं. संध्याकाळी काट्यावर जे भरेल त्यातून किराणा. हप्त्याचं नाव घ्यायचं तिनं सोडलं होतं, आणि धम्मदीपही घेत नव्हता. तो येई, जेवे, "चालू हाये, चालू हाये," म्हणे. मग त्याचं येणंच कमी झालं.

एका संध्याकाळी ती गाडीतून उतरली तर दारात गावचा कोतवाल उभा. चप्पल न काढता, चहा नको म्हणत, तो नजर चुकवून बोलला. "तहसीलीतून निरोप हाये. पुढच्या बुधवारी कब्जा घ्यायले येनार. सामान हलवून ठेवा म्हणे."

तिनं धम्मदीपला फोन लावला. "बाहेर हावो ताई, आवाज तुटून राह्यला," एवढं बोलून फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अनुप काठी घेऊन उठला. "चाल वर्ध्याले," तो म्हणाला. "फाइल वर येऊ दे नाईतं खाली जाऊ दे."

कंपनीचं ऑफिस एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. जिना अरुंद. अनुपनं एक हात भिंतीला, एक जागृतीच्या खांद्यावर ठेवला आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणत चढला. वर पोचेस्तोवर त्याच्या शर्टाची पाठ भिजली. साहेब म्हणजे तरुण पोरगाच होता, बोलायला मऊ. त्यानं खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं.

"तुम्ही आधी यायला हवं होतं," तो म्हणाला. "नोटीस गेल्यावर मुदत असते. लेखी दिलं असतं, दवाखान्याचे कागद जोडले असते, तर हप्ते पुढे ढकलायचं बघता आलं असतं. आता आदेश झालाय. पूर्ण रक्कम भरलीत तरच थांबेल. नाहीतर कब्जा, मग लिलाव."

"आमचं उत्तर आलं असन ना तुमच्याकडे?"

त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं. "काहीच आलेलं नाही."

"आमाले येऊ नोको म्हटलं होतं इथं."

"कोणी?"

जागृतीनं अनुपकडं पाहिलं. नाव जिभेवर आलं होतं. पण नाव घेतलं तर त्याची नोकरी जाईल, त्याची बायको बाळंतीण आहे, असं तिच्या मनात आलं आणि ती गप्प बसली. पुढं कित्येक दिवस या गप्प बसण्याचा तिला राग येत राहिला.

"हे बघा ताई," साहेब म्हणाला, "आमचा माणूस तुमच्याकडे नियमित येत होता. प्रत्येक भेटीचा रिपोर्ट आहे. 'कर्जदार बोलण्यास तयार नाही. घरात घेत नाही.' दर वेळी हेच. आणि वरून तुम्ही नोटीस पुसलीत. ते तर फारच विरोधात गेलं." त्यानं पडदा त्यांच्याकडं फिरवला.

पडद्यावर जागृती होती. हातात कुंचा, खोचलेला पदर, मागं अर्धी झाकलेली लाल अक्षरं. आणि शेजारी नाकाला चुना लावलेली श्रावस्ती, दोन्ही हात वर करून, फोटो काढणाऱ्याकडं पाहून तोंडभर हसणारी.

जागृतीला पहिल्यांदा आठवलं ते हे, की फोटो काढून झाल्यावर तिनं त्याला वांग्याची भाजी वाढली होती. त्यानं मागून घेऊन खाल्ली होती.

"पाणी घ्या ना," साहेब म्हणाला.

बसमध्ये अनुप खिडकीकडं तोंड करून बसला. वर्धा मागं पडलं, दहेगाव गेलं. मग तो म्हणाला, "पडलो त्या दिवशी त्यानंच मले पाठीवर घेतलं होतं. रिक्षापर्यंत पळत नेलं. रडत होता. तो अन् हा एकच मानूस हाये का वं?"

तिनं त्याची काठी आपल्या मांडीवर घेतली, कारण ती सारखी घसरत होती.

"मायले सांगू नोको," अनुप म्हणाला. "घर जाईन ते जाईन. हे तिले झेपनार नाई."

त्यांनी सीताबाईंना एवढंच सांगितलं की तारीख पक्की आहे.

मंगळवारी नानाजी ओट्यावरून उठून आत आले. "अल्लीपूरले माह्या साडभावाच्या पोराचं असंच झालं. त्यानं बुढीले अंदर ठेवलं, बाहेरून कुलूप घातलं. साह्यब आले, अंदर बिमार मानूस पाहून वापस गेले. दुसरी तारीख भेटली. तेवढ्यात त्यानं पैशाची सोय केली."

"आपल्याले कुठून सोय होनार?" अनुप म्हणाला.

"आधी तारीख तं ढकला. कागद घेऊन वकिलाकडे जा. दिवस भेटनं मोठी गोष्ट हाये."

सीताबाई लगेच तयार झाल्या. "मी राह्यतो अंदर. पाह्यतो कोन काढते मले."

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, एवढं सोपं होतं. मागच्या दाराशी अनुप हातोडा आणि खिळे घेऊन बसला.

"नोको ठोकू रे," सीताबाई म्हणाल्या. "मले मोरीकडे जा लागते. अंदर कोंडून मारतं का?"

संडास मागच्या अंगणात होता. अनुपनं जागृतीकडं पाहिलं. दोघांच्याही मनात एकच होतं आणि ते म्हातारीसमोर बोलता येत नव्हतं. जागृतीनं फळ्यांमधल्या फटीवर बोट फिरवलं. घरच्यांशिवाय ही फट साऱ्या नाचणगावात त्या एकालाच माहीत. त्यानं रिपोर्ट लिहिले, फोटो दिला. ते ऑफिसात बसून केलं. पण इथं, या उंबऱ्याशी येऊन, ज्या म्हातारीनं शिकवलं तिच्यावरच? एवढं तो करणार नाही. आपला दीप एवढं करणार नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "कडीच लावा."

भेगेतली काडी तेवढी तिनं काढून चुलीत टाकली.

बुधवारी ऊन चढल्यावर ते आले. तहसीलीचा अधिकारी, दोन पोलीस, एक बाई शिपाई, कंपनीचा वकील, सील लावणारा, सामान काढायला चार मजूर. आणि सगळ्यांच्या मागं, हेल्मेट हातात घेऊन, धम्मदीप. त्यानं जागृतीकडं पाहिलं नाही. ती किल्ली पोलक्यात खोचून पायरीवर उभी होती, शेजारी काठी टेकून अनुप. श्रावस्ती शाळेत होती. गल्ली दोन्ही बाजूंनी माणसांनी भरली.

"दार उघडा," अधिकारी म्हणाला.

"अंदर माही सासू हाये. बिमार हाये."

"आजी," त्यानं दाराला तोंड लावून हाक मारली, "बाहेर या."

आतून उत्तर आलं, "मले चालता येत नाई."

वकील म्हणाला, कुलूप तोडा. पोलिसानं कुलूप हातात घेऊन सोडून दिलं. अधिकारी घाम पुसत राहिला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, म्हातारीले काई झालं तं कोनाच्या अंगावर येईन? अधिकाऱ्यानं ते ऐकलं. तो वकिलाला बाजूला घेऊन हळू बोलू लागला, पण जागृतीला ऐकू आलं. "आत वृद्ध आजारी बाई. दार फोडताना लागलं-बिगलं तर मी जबाबदार. पंचनामा करू, पुढची तारीख घेऊ."

अनुपनं काठीवरची मूठ सैल केली. नानाजींनी ओट्यावरून मान हलवली.

वकिलानं मान वळवून धम्मदीपकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. धम्मदीप जमिनीकडं बघत होता. मग त्यानं हेल्मेट मोटरसायकलच्या आरशाला अडकवलं आणि दोन घरांमधल्या बोळात शिरला. बोळाच्या तोंडाशी नानाजींच्या तुराट्यांचा भारा टेकून ठेवलेला होता. जाता जाता त्यानं त्यातली एक उपसली.

"दीप," जागृती म्हणाली. हाक मोठी निघाली नाही.

पोलिसाच्या बुटाखाली खडा करकरला. आणि घराच्या पोटातून, सगळ्यांना ऐकू येईल असा, खट् आवाज आला.

पाठोपाठ सीताबाईंचा आवाज. "आला का बापू? बरं झालं आला. हे पाह्य बाहेर कोन कोन जमलं. बस, च्या मांडतो."

म्हातारीला चालता-फिरता येतं, हे आता अधिकाऱ्यालाही कळलं.

बाई शिपायानं सीताबाईंना दंडाला धरून मागच्या अंगणातून बोळातून आणलं तेव्हा त्यांच्या हातात चहाची साखर होती. मूठ मिटलेली. त्या शिपायाकडं नव्हत्या पाहत, मागं वळून वळून धम्मदीपकडं पाहत होत्या. काही समजलं नाही म्हणून पुन्हा पाहत होत्या. "यानंच उघडलं?" त्यांनी अनुपला विचारलं. अनुप काठी टेकत त्यांच्याजवळ आला. त्यांनी मूठ उघडली, साखर मातीत पडली.

मग सामान. खाट, पिंप, डबे, गॅसची शेगडी, श्रावस्तीची पाटी. मजूर आणत होते आणि गल्लीत मांडत होते. घरात होतं तेव्हा पुरेसं वाटणारं सामान उन्हात इतकंसं दिसत होतं. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मजुरांना हात लावू न देता धम्मदीपनं स्वतः आणला. उंबऱ्याशी बूट काढले, अनवाणी आत गेला, दोन्ही हातांत धरून बाहेर आला आणि जागृतीसमोर उभा राहिला.

तिनं ते घेतलं नाही लगेच.

"काऊन केलं रे असं?"

"या फाइलवर माहं नाव होतं ताई. कर्ज मी आणलं म्हणून. हप्ते पुढं ढकलले तं वसुली नाई, अन् वसूल नाई झालं तं मले काढत होते. लेकरू हाये मले बी."

"सांगायचं होतं. भांडली असती, पन सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं तू वर्ध्याले गेली असती."

"हाव. गेली असती."

तिनं मूर्ती घेतली, फोटो घेतला, आणि पाठ वळवली.

पुढच्या दारावर कापड ओढून लाख वितळवली, शिक्का मारला, कागद चिकटवला. सील लावणारा मागं जाऊन आला. "मागचं दार आतून कडी लावून घेतलंय, तेवढं पुरे ना?"

"कडीचा भरोसा नाई," धम्मदीप म्हणाला. तो बूट घालत होता, मान खाली. "ते बाहेरून निघते. फळ्या मारा."

हातोडीचे ठोके बराच वेळ ऐकू येत राहिले. अनुप मोजल्यासारखा प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होता. मिस्त्री माणूस, आवाजावरून त्याला खिळा किती आत गेला ते कळत असावं. मग गाड्या सुरू झाल्या. धूळ खाली बसली. नानाजींनी आपली पडवी मोकळी करून दिली, शेजारणीनं भाताचं पातेलं आणून ठेवलं आणि सीताबाईंच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

शाळा सुटली. श्रावस्ती दप्तर हलवत गल्लीत आली. तिनं खाट पाहिली, डबे पाहिले, दारावरचा लाल शिक्का पाहिला. यावेळी तिनं मोठ्यानं काही वाचलं नाही. ती बोळातून मागं पळाली, नेहमीसारखी.

जागृती कपड्यांचं गाठोडं बांधत होती. वेचाईनं फाटलेल्या बोटांत गाठ बसेना. तिनं दातात एक टोक धरलं.

श्रावस्ती परत आली ती हळू. तिच्या हातात तुराटीची एक काडी होती, मागच्या दाराशी टाकलेली सापडली असणार. टोकाला ताजी, शाबूत. तिनं ती आईपुढं धरली.

"आई, मागून बी फळ्या मारल्या. फटच नाई राह्यली."

"हाव बेटा."

"मंग आता दीपमामा आला तं कोनत्या दारानं येईन?"